मेंबरांची दोन भाषणं

"हे वाक्य कोण बोललं, ते पुस्तकात दाखवा," असं म्हणून त्या माणसानं एक पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच्या नखांत काळी शाई होती. डाग पडू नये म्हणून त्यानं कागद कडेनं धरला होता.

त्याच्याबरोबर वकील त्रिलोकेकर होते. ते आमचे जुने वाचक. ठाकूरद्वारला घर, वडील आणि आजोबा दोघेही कोर्टकचेरीतले. बोलणं मऊ, कोट नेहमी पांढरा. ते म्हणाले, "मिस प्रधान, हे विठ्ठल परब. लालबागला यांचा छापखाना आहे. पुढच्या महिन्यात यांची केस उभी राहतेय. त्याआधी हे वाक्य मला हवंय. खंड, पान, सगळं."

छप्पन सालचा उन्हाळा होता. मी फोर्टातल्या एका जुन्या लायब्ररीत रेफरन्स असिस्टंट होते. रेफरन्स म्हणजे जिथली पुस्तकं घरी नेता येत नाहीत तो विभाग. वाचकानं प्रश्न विचारायचा आणि उत्तर कुठल्या कपाटात आहे ते आम्ही शोधायचं. उत्तर बरोबर की चूक, हे सांगणं आमचं काम नव्हतं. आमचे चीफ, मिस्टर डिसोझा, हे वरचेवर बजावायचे. "वुई गिव्ह द बुक, मिस प्रधान. ओपिनियन त्यांचं त्यांना करू दे."

मी पत्रक वाचलं. भोवती जाड काळी चौकट. परबांचा धाकटा भाऊ दिगंबर त्या हिवाळ्यात गिरणगावातल्या गोळीबारात गेला होता. गिरणीत बदली कामगार, संध्याकाळी रात्रशाळेत शिकणारा. तो त्या दिवशी मोर्चात होता की नुसता रस्त्यात सापडला, हे परबांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांमध्ये त्याची गणना झाली होती, आणि घरच्यांना ती मान्य होती.

पत्रकात भावाचं नाव, गाव, शोकाचे चार शब्द होते. खाली ठळक टाइपात एक वाक्य होतं: ज्या सरकारला मेलेल्यांची नावं ठाऊक नाहीत, त्याला जिवंतांवर राज्य करायचा अधिकार नाही. त्याखाली बारीक टाइपात, ब्रिटिश पार्लमेंटातल्या एका इंग्रज मेंबराचे उद्गार, आणि त्याचं आडनाव.

हे पत्रक लालबाग-परळच्या भिंतींवर लागलं. लोकांना चिथावल्याचा आरोप परबांवर आला. छापणाऱ्याचं नाव-पत्ता प्रत्येक छापील कागदावर द्यावा लागतो. परबांनी तो नियमाप्रमाणे दिला होता, त्यामुळे पोलिसांना शोधत फिरावं लागलं नाही.

त्रिलोकेकरांचा बचाव साधा होता. "व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, राणीच्याच पार्लमेंटात जे बोलता आलं, ते स्वतंत्र हिंदुस्थानात लालबागच्या भिंतीवर लावता येत नाही, असं सरकारी वकिलांनी कोर्टात म्हणून दाखवावं. मॅजिस्ट्रेटसमोर तो खंड ठेवला की झालं."

"हे वाक्य तुम्हाला मिळालं कुठून?" मी परबांना विचारलं.

"दिगूकडून. रात्रशाळेच्या मास्तरांनी वर्गात सांगितलेलं. दिगू ते वक्तृत्वाच्या स्पर्धेत बोलायचा. घरी पण बोलायचा. आमची आई भाकऱ्या थापायची आणि हा तिच्यासमोर उभा राहून हात वर करून बोलायचा."

"मास्तरांना विचारलंत?"

"विचारलं. कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलेलं म्हणतात. साहेबाचं आडनाव आणि राणीच्या काळातला, एवढंच त्यांना आठवतं." मग परब थोडे घुटमळले. "बाई, केसचं काय व्हायचं ते होऊ दे. पण भावानं हे मनाचं बनवलं नव्हतं, एवढं मला बघायचंय."

मी पत्रक ठेवून घेतलं. इथं मी त्या इंग्रजाचं आडनाव देत नाही. आज ते कुणाला ओळखीचं वाटणार नाही. आम्ही आपसात त्यांना 'मेंबर' म्हणायचो, तेच पुढे चालवते.

एखादा खासदार पार्लमेंटात काय काय बोलला, हे शोधायची पद्धत ठरलेली असते. पार्लमेंटातल्या भाषणांचे खंड निघतात, त्यांना आम्ही नुसतं 'डिबेट्स' म्हणायचो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातले डिबेट्स आमच्या तळघरात भिंतभर होते. प्रत्येक अधिवेशनाच्या शेवटच्या खंडात इंडेक्स असतो. त्यात मेंबरचं नाव काढायचं. नावाखाली तो ज्या विषयांवर बोलला ते विषय आणि आकडे मिळतात. ते आकडे पानांचे नसतात, कॉलमांचे असतात. एका पानावर दोन कॉलम. हे ठाऊक नसलेला माणूस भलतंच पान उघडतो आणि पुस्तकाला नावं ठेवतो.

पहिली अडचण आडनावाची होती. त्या आडनावाचे बरेच मेंबर होऊन गेले होते. एक सैन्यातला, एक दारूच्या भट्टीचा मालक, एक पिढीजात जमीनदार. कोण कुठल्या मतदारसंघाचा आणि कुठल्या वर्षांत निवडून आला, हे आधी वेगळं करावं लागलं. मगच तळघरात उतरता आलं.

तिथल्या खंडांची चामडी बांधणी मुंबईच्या दमट हवेनं कुजली होती. हात लावला की तांबडी पूड सांडायची. माझं धुतलेलं पातळही रोज दुपारपर्यंत तांबूस होऊन जुनं दिसायचं. आई म्हणायची, "लायब्ररीत जातेस की विटांच्या भट्टीवर?" आम्ही दादरला राहत होतो. घरी येऊन पदर झटकला की अंगणात लाल ठिपके पडत.

हळूहळू एक माणूस इतरांतून वेगळा निघाला. उत्तरेकडच्या एका छोट्या शहराचा मेंबर. पहिली काही वर्षं अगदीच रुक्ष. गटारांची व्यवस्था, नदीतले मासे धरायचे नियम, दारूच्या गुत्त्यांची वेळ, रेल्वेच्या पुलाची उंची. बोलणं थोडं आणि मुद्द्याचं. सभागृहात हशा पिकला की डिबेट्समध्ये तशी नोंद असते. यांच्या भाषणांत कधीच नव्हती. मला ते आवडायला लागले. रोज कुणाची भाषणं वाचत बसलं की माणसाची सवय होते.

परब आठवड्यातून एकदा येऊन विचारून जायचे. टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसत नसत.

"सापडलं?"

"अजून नाही. पण तुमचे मेंबर सापडले. माणूस चांगला वाटतो. गरीब वस्तीत नळ यावा म्हणून तीनदा उठून बोललाय."

"म्हणजे आमच्यासारख्यांसाठी."

"तसंच काहीसं."

ते खूश होऊन जायचे. घरी जाऊन बायकोला सांगत असणार. त्यांच्याकडे त्या मेंबराचा जणू घरच्या माणसासारखा विषय निघू लागला होता, हे मला नंतर कळलं.

मग एके दुपारी ते भाषण मिळालं. साम्राज्याच्या एका कोपऱ्यातल्या गावात जमावावर गोळी चालली होती आणि माणसं मेली होती. मेंबर उठून बोलले होते. पण भाषण वाचून मी पत्रक काढून शेजारी ठेवलं आणि ते पुन्हा वाचलं.

त्याचं कारण सांगते. त्या काळी डिबेट्स शब्दशः लिहून घेतलेले नसत. वर्तमानपत्रांतल्या बातम्या जुळवून ते तयार होत. म्हणून 'मी म्हणतो' असं नसे, 'ते म्हणाले की' असं असे. आमच्या मेंबरांचंही तसंच होतं. आणि त्यात काय होतं? ते म्हणाले की, मेलेल्यांची नावं सरकारपाशी आहेत का, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. आणि नसतील, तर तिथल्या जिवंत माणसांची स्थिती आपल्याला ठाऊक आहे असं सरकार कशाच्या आधारावर म्हणतं?

एवढंच. अधिकार नाही, राज्य करू नये, यातलं एक अक्षर नाही. तो प्रश्न होता. पत्रकात तो निकाल झाला होता.

मी त्रिलोकेकरांना फोन केला. ते आले, वाचलं, चष्मा काढून पुसला.

"आशय तोच आहे," ते म्हणाले.

"शब्द नाहीत."

"शब्दांवर सरकारी वकील बोलेल. मी आशयावर बोलेन. यात आपलं निभेल. मात्र मला एक खात्री हवी. हा मेंबर तोच आहे, आडनावाचा दुसरा कुणी नाही, हे तुम्हाला शपथेवर सांगता आलं पाहिजे. समन्स येईल तुम्हाला."

समन्स म्हटल्यावर मी मिस्टर डिसोझांकडे गेले. लायब्ररीला सरकारी अनुदान होतं, आणि सगळं शहर त्या वेळी दोन बाजूंना वाटलं गेलं होतं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"तुमचं स्वतःचं मत काय आहे या मुंबईच्या प्रश्नावर?"

"तुम्हाला ठाऊक आहे, सर."

"मला ठाऊक नाही आणि मला ठाऊक करून घ्यायचं नाही. कोर्टातही कुणाला ठाऊक होता कामा नये." मग त्यांनी मान वर केली. "कमिटीवरचे दोघे मला प्रश्न विचारणार आहेत. मी सांगेन, कोर्टानं पुस्तक मागितलं, आम्ही पुस्तक पाठवलं. पुस्तकाबरोबर माणसाला जावं लागतं. जा. पण एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही."

खात्री करायची तर त्या मेंबराची सगळी कारकीर्द बघणं आलं, पहिल्या भाषणापासून शेवटच्या भाषणापर्यंत. नाहीतर दोन माणसं एक होण्याची भीती. म्हणून मी पुढचे खंड काढत राहिले. मध्ये काही वर्षं ते निवडून आले नव्हते. मग परत आले. पक्षाचं सरकार आलं आणि ते एका खात्याचे दुय्यम मंत्री झाले.

त्या शेवटच्या वर्षांतल्या एका खंडात दुसरं भाषण होतं. पुन्हा कुठेतरी गोळी चालली होती. एका तरुण मेंबरानं उठून मेलेल्यांची नावं मागितली होती. उत्तर द्यायला आमचे मेंबर उभे राहिले होते. ते म्हणाले, अशी नावं सभागृहापुढे ठेवण्याचा प्रघात नाही. त्यातून कुणाचं हित साधणार नाही, उलट गडबड करणाऱ्यांना जोर चढेल.

त्या भाषणाच्या सुरुवातीला एक चांदणी छापलेली होती. त्या खंडांत चांदणीचा अर्थ असा, की मेंबरानं आपलं भाषण छपाईपूर्वी स्वतः तपासलं आहे. पहिलं भाषण कुणा वार्ताहरानं ऐकून लिहिलेलं होतं. दुसरं त्यांनी स्वतः वाचून, दुरुस्त करून, बरोबर आहे म्हणून परत पाठवलं होतं.

मी तो खंड मिटला. परबांना मी इतके आठवडे काय काय सांगत आले होते, ते एकेक करून आठवलं.

त्रिलोकेकरांना मी दोन्ही उतारे नेऊन दिले. त्यांच्या घरातल्या ऑफिसात गिरगावातला आवाज खिडकीतून येत होता. ते दुसरा उतारा दोनदा वाचून म्हणाले, "हे कोर्टात नको."

"मला विचारलं तर?"

"विचारलं तर खरं सांगा. पण विचारणार नाहीत. त्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही."

"परबांना सांगणार आहात?"

"अशिलाला सगळं सांगायचं नसतं, मिस प्रधान. त्याला झोप लागली पाहिजे."

त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण परबांना मेंबर चांगला माणूस आहे हे मीच सांगितलं होतं. आता गप्प बसले असते तर ते खोटं बोलल्यासारखंच झालं असतं. शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटल्यावर मी लालबागला गेले.

छापखाना एका चाळीच्या तळमजल्यावर होता. पायानं चालवायचं एक मशीन, टाइपाच्या खणाखणांच्या लाकडी केसेस आणि दोरीवर वाळत घातलेल्या लग्नपत्रिका. परब स्टिकवर टाइप जुळवत होते. स्टिक म्हणजे एक ओळ मावेल एवढी पितळी पट्टी. मला पाहून त्यांनी ती खाली ठेवली आणि आत हाक मारली, "गो, चाय ठेव. लायब्ररीतल्या बाई इल्या."

त्यांची बायको बाहेर आली. डोक्यावर पदर, हात पिठाचे. ती दारातच उभी राहिली. मी चहाची वाट न बघता सांगून टाकलं. आधी पहिलं भाषण, त्यातले नेमके शब्द. मग दुसरं.

परब मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होते.

"म्हणजे दिगू जे बोलायचा ते खोटं?"

"खोटं नाही. त्या माणसानं ती नावं मागितली होती. भर सभेत मागितली होती. शब्द वेगळे होते."

"आणि नंतर त्यानंच नाय म्हणून सांगितलं."

"हो."

"त्याच तोंडान?" हे त्यांची बायको म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली. परब बायकोकडे बघून, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "तो बदललो. खुर्ची गावली, बदललो. सगळेच बदलतत गो. माझ्या दिगूक बदलाक येळच गावलो नाय."

ती आत निघून गेली. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, पण चहा बराच वेळ आला नाही.

निघताना परब चाळीच्या तोंडापर्यंत आले. म्हणाले, "बाई, वकीलसाहेबांना सांगतो मी. दोन्ही पुस्तकं आणा. एकच आणलं तर उद्या कोणीतरी दुसरं काढणार, आणि म्हणणार परबाचा भाऊ फसला. त्यापेक्षा आपणच काढू."

त्रिलोकेकर त्यांच्यावर चिडले, असं मला नंतर कळलं. पण शेवटी त्यांनी ऐकलं.

सुनावणीच्या दिवशी मी दोन्ही खंड कापडात गुंडाळून टॅक्सीनं कोर्टात नेले. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते. शपथ झाली. त्रिलोकेकरांनी माझं नाव, हुद्दा, अनुभव विचारला. मग पहिलं भाषण वाचायला लावलं. आणि सरकारी वकील उठायच्या आत त्यांनी स्वतःच विचारलं, "या मेंबरांनी या विषयावर पुढे कधी वेगळं मत मांडलं का?"

"हो," मी म्हटलं आणि दुसरं वाचलं.

कोर्टात थोडी कुजबुज झाली. सरकारी वकील उठता उठता थांबले. त्रिलोकेकर म्हणाले, "युवर वर्शिप, विरोधी बाकावर असताना हा माणूस प्रश्न विचारत होता. सरकारी बाकावर गेल्यावर त्यानं तोच प्रश्न नाकारला. माझ्या अशिलानं यातला प्रश्न विचारणारा माणूस निवडला. यात चिथावणी कुठे आहे?"

ते चांगलं बोलले. पण सरकारी वकीलही कच्चे नव्हते. त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं.

"राज्य करायचा अधिकार नाही, हे शब्द तुमच्या खंडात आहेत?"

"नाहीत."

"त्या अर्थाचे?"

"खंडात प्रश्न आहे. पत्रकात विधान आहे."

"मराठी करताना असा फरक पडू शकतो?"

"पडू शकतो. इथं तो भाषांतरामुळे पडला का, हे मी सांगू शकत नाही."

"तर मग हे वाक्य कोणाचं?"

"त्या पानावर नाही. मला एवढंच सांगता येईल."

त्रिलोकेकरांनी डोळे मिटून घेतले. मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं की भाषण 'ते म्हणाले' असं का लिहिलं आहे. वार्ताहराची पद्धत, चांदणीचा अर्थ, सगळं मी समजावलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळून ते मराठीत म्हणाले, "परब, तुम्ही छापलंत की हे इंग्रज मेंबराचे उद्गार आहेत. ते तर दिसत नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

त्रिलोकेकर घाईनं उठले. परबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पिंजऱ्याचा कठडा धरला.

"साहेब, मास्तरांनी दिगूला काय सांगितलं ते मास्तरांना आठवत नाय. पुस्तकात वेगळं आहे, ते बाईंनी वाचलं. पण आमच्या घरात हे वाक्य असंच बोललं जायचं. म्हणजे मग ते माझ्या भावाचं आहे. त्याचंच नाव लिहा."

मॅजिस्ट्रेटनी लिहिलं. पंख्याखाली कागद फडफडत होते, ते त्यांनी हातानं दाबून धरले.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी निकाल दिला. पार्लमेंटातल्या शब्दांचा आधार आरोपीला घेता येत नाही, कारण ते शब्द तिथले नाहीत. कागद भिंतीवर लावायला नको होता, म्हणून दोषी. मात्र घरच्या मृत्यूचं पत्रक आहे, दंगल करण्याचा हेतू दिसत नाही. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद.

ही शिक्षा अनेकांना ठाऊक नसते. माणसाला तुरुंगात नेत नाहीत. दिवसाचं काम संपून मॅजिस्ट्रेट उठेपर्यंत त्यानं कोर्टातच बसून राहायचं. मग घरी जायचं.

त्रिलोकेकर दुसऱ्या केससाठी गेले. जाताना मला म्हणाले, "'त्याचंच नाव लिहा' म्हणून परबांनी माझा बचाव मोडला. आणि मला वाटतं त्याच वाक्यानं ते एवढ्यावर सुटले."

मला परत लायब्ररीत जायला हवं होतं. पण मी मागच्या बाकावर परबांजवळ जाऊन बसले. पुढे कुणाच्या तरी हातगाडीची केस चालली होती. शिपायानं माझ्याकडे पाहिलं आणि बसू दिलं.

परबांनी हळू आवाजात विचारलं, "ते पान बघू?"

मी पहिला खंड मांडीवर उघडला. त्यांनी रुमालानं बोटं पुसली, तरी पानाला हात लावला नाही. वाकून बघत राहिले. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता येत होतं, पण अक्षरं ओळखत होते.

"हाताने जुळवलंय सगळं," ते म्हणाले. "बारीक टाइप. डोळे गेले असतील बिचाऱ्याचे." मग थोड्या वेळानं, "बाई, मग सरकारनं काय उत्तर दिलं? नावं दिली?"

वकिलांनी ते मागितलं नव्हतं. कोर्टानंही नाही. मी पुढच्या कॉलमवर बोट ठेवून त्यांना मराठीत सांगितलं. मंत्री म्हणाले की माहिती मागवली आहे.

"मग? आली?"

"ते पुढच्या खंडांत बघावं लागेल."

"बघाल?"

"बघते."

मॅजिस्ट्रेट उठले तेव्हा सगळे उभे राहिले. परबही उभे राहिले, आणि मोकळे झाले. दाराशी त्यांची बायको उभी होती. ती सकाळपासून बाहेरच होती.

मी पुढचे खंड पाहिले. त्या अधिवेशनाचे, त्याच्या पुढचे, आणखी त्याच्या पुढचे. गावाच्या नावाखाली पाहिलं, मंत्र्याच्या नावाखाली पाहिलं, मेंबरांच्या नावाखाली तर पुन्हा पाहिलंच. मेंबर परत मासे आणि गुत्त्यांवर बोलू लागले होते. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. नावं आली नाहीत.

हे सांगायला मी लालबागला गेले तेव्हा छापखान्यात काम जोरात होतं. परबांनी मशीन थांबवलं, ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाले, "येवढं बघितलंत, बरं केलंत." मग पुन्हा पाय पॅडलवर ठेवला.

लायब्ररीच्या कमिटीनं मला काही विचारलं नाही. मिस्टर डिसोझांनी काय उत्तर दिलं होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही खंडांची बांधणी त्या प्रवासात आणखी उसवली. ती नवी करून घ्यावी असा मी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला.

पुढे माझ्या हाताखाली नवी मुलंमुली शिकायला आली. त्यांना मी एक गोष्ट शिकवत असे. एखाद्या मेंबराचं रेकॉर्ड काढायचं तर इंडेक्समध्ये त्याच्या नावाखाली तो काय बोलला एवढंच मिळतं. त्याला काय उत्तर मिळालं, हे तिथं नसतं. त्यासाठी समोरच्या माणसाचं नाव वेगळं काढावं लागतं. हे काम कंटाळवाणं असतं, वाचक ते सहसा मागत नाही, आणि बहुतेक वेळा शेवटी हाती काही लागत नाही. तरी करावं.